लक्ष लागत नाही? निदान या चुका तरी टाळा

"हल्ली कशातच लक्ष लागत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा काहीतरी आधीच सुरू केलेलं असतं. ब्राह्मीचं सिरप, रात्री भिजवलेले बदाम, मोबाइलवरचे मेंदूचे खेळ, नाहीतर मेडिकलमधून आणलेली ताकदीची इंजेक्शनं. हे नेमकं कधीपासून होतंय, ते मात्र कुणी सांगत नाही. शाळेपासून, दोन वर्षांत हळूहळू की गेल्या तीन आठवड्यांत? पहिल्या उत्तरात एडीएचडीचा, म्हणजे लहानपणापासून लक्ष टिकवता न येण्याच्या विकाराचा विचार येतो. दुसऱ्यात झोप, थायरॉइड, बी-१२, रजोनिवृत्ती, चालू असलेली औषधं. तिसऱ्यात नवी गोळी, नैराश्य किंवा घाई करावी असं काहीतरी. हे न विचारता केलेले उपाय म्हणजे खर्च.

आधी इंजेक्शन, मग तपासणी

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात चीड आणणारी चूक हीच. नेहमीचं चित्र असं: माणूस पन्नाशीचा, शाकाहारी, मधुमेहासाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन चालू आणि ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल. हिशेबाची ओळ दोनदा वाचावी लागते, बोलताना शब्द अडतो, तळपायांना मुंग्या येतात. मुंग्या शुगरच्या खात्यात जमा होतात, विसरणं वयाच्या. कुणीतरी सुचवतं म्हणून तो बी-१२ची पाच इंजेक्शनं टोचून घेतो, जरा बरं वाटतं, मग थांबवतो. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. आता रक्त तपासलं जातं, बी-१२ भरपूर आहे असा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर ते कारण यादीतून खोडतात. पुढे मेंदूचा एमआरआय, तोही नॉर्मल.

रिपोर्टमधला तो आकडा इंजेक्शनांचा होता. मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल दोन्ही बी-१२चं शोषण कमी करतात, आणि ती चालूच आहेत. म्हणजे पाच इंजेक्शनांनी कारण गेलेलं नाही, फक्त पुरावा गेला.

म्हणून आधी रक्त द्या, मग सुई घ्या. साधारणपणे बी-१२ दर मिलिलिटर रक्तात २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे पदार्थ) तपासून खात्री करतात. इंजेक्शन आधीच घेतलं असेल तर तारखेसकट डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून बी-१२ ठीक, असंही नाही. बी-१२ कमी पडलं की तांबड्या पेशींचा आकार वाढतो, पण सोबत लोहाची कमतरता असेल तर ती वाढ झाकली जाते. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. थायरॉइडच्या आकड्यांत त्याने घोळ होतो, काही यंत्रांवर बी-१२च्याही.

घोरणाऱ्याला झोपेची गोळी

आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये डुलकी. निष्कर्ष काय, तर झोप गाढ नाही. मग अल्प्राझोलाम. घोरताना श्वास अडकत असेल, म्हणजे स्लीप ॲप्निया असेल, तर या गोळीने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अडकल्यावर जाग यायलाही उशीर होतो. रात्रीचा पेगही हेच करतो.

याची साक्ष रुग्णाकडून मिळत नाही, शेजारी झोपणाऱ्याकडून मिळते. घोरणं मध्येच थांबतं का, मग धापेसारखा आवाज येऊन पुन्हा सुरू होतं का, ते त्यांना विचारा. शिंप्याच्या टेपने गळा मोजा. ४० सेंटिमीटरच्या वर घेर, रक्तदाब, पन्नाशी उलटलेली, पुरुष असणं, दिवसा थकवा, हे सगळे संशयाचे मुद्दे. असे तीन जमले तरी झोपेच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. ती आता बऱ्याच जणांना घरीही करता येते. तासाला पाच किंवा जास्त वेळा श्वास अडकत असेल आणि सोबत अशा तक्रारी असतील, तर ॲप्निया धरतात. बारीक माणसाला हा होत नाही, हा गैरसमज. नाकावरच्या पट्ट्यांनी आवाज कमी होईल, ॲप्निया जाणार नाही.

झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर हे वाचून आज रात्री एकदम बंद करू नका. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम अचानक सोडल्याने फिट येऊ शकते. मात्रा डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करायची असते.

ॲप्निया नसलेल्यांसाठी एकच. "मला सहा तास पुरतात" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. सलग दोन आठवडे सहा तास झोपवलेल्या लोकांवरचा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांची लक्ष देण्याची क्षमता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली होती, आणि आपण इतके घसरलोय हे त्यांना जाणवतही नव्हतं.

रील पाहून एडीएचडी

प्रौढांना एडीएचडी असतो. "मोठ्यांना कसला आलाय" म्हणून उडवून लावणारे डॉक्टर चूक आहेत. पण पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच उगवलेली लक्षणं म्हणजे एडीएचडी, हेही चूक. निकष असा की काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली हवीत, आणि ती घर, काम अशा किमान दोन ठिकाणी हवीत. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना ऑनलाइन चाचणीचा स्क्रीनशॉट नेण्यापेक्षा जुनं प्रगतिपुस्तक न्या. "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते" हा शेरा त्या स्क्रीनशॉटपेक्षा जास्त उपयोगी. खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुली यात हमखास निसटतात, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत. मित्राची मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीवरची गोळी, "एकदा घेऊन बघू" हा प्रकार मात्र नको. तिने जागं राहायला निरोगी माणसालाही मदत होते, त्यावरून निदान होत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेणं. ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्या, मग अर्धा ते एक तास काही नको. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. मात्रा बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सहा ते आठ आठवड्यांनी तपासा, पंधरा दिवसांनी तपासून घाबरू नका.

सर्दीची, खाज थांबवायची गोळी महिनोन्महिने घेणं. क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन यांनी डोकं सुस्त राहतं.

चाळिशीचा चष्मा टाळणं. अक्षर नीट दिसत नसेल तर वाचनात मन कसं लागेल?

नैराश्याला आळस म्हणणं. पेपर वाचताना लक्ष न लागणं हे त्याच्या नेहमीच्या प्रश्नावलीतलंच एक लक्षण आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

संध्याकाळी सहाची कॉफी. त्यातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं.

घरातल्या वयस्करांचं दोन-चार दिवसांत भान सुटू लागलं, दिवस-रात्र कळेना, बोलणं तुटक झालं, तर "वय झालं" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियम तपासायला सांगा. लघवीचा संसर्ग बघायला सांगा. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत बाथरूममध्ये वगैरे पडले असतील, तर ते आठवणीने सांगा. मेंदूवर हळूहळू साचणारं रक्त आठवड्यांनी त्रास देतं, आणि सीटी स्कॅनमध्ये ते सापडतं.