मोठ्या मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्कमध्ये क्लस्टर बांधून राउटिंग कसं बसवावं

मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणजे कायमच्या टॉवरशिवाय, हलत्या रेडिओ उपकरणांनी (नोडनी) एकमेकांमार्फत संदेश पुढे पाठवत बनवलेलं जाळं. पन्नासेक नोडपर्यंत क्लस्टरच्या, म्हणजे नोडचे गट करून त्यांवर मार्ग ठरवण्याच्या, भानगडीत पडू नका. ओएलएसआर किंवा एओडीव्ही हे गट न करता मार्ग शोधणारे नेहमीचे प्रोटोकॉल पुरतात. अडचण नोड वाढल्यावर येते, आणि तिचा हिशेब कागदावर मांडता येतो. ४०० नोड आहेत आणि प्रत्येक नोड दर ५ सेकंदांनी आपल्या लिंकची माहिती सगळीकडे पसरवतो असं धरा. सेकंदाला ८० संदेश निघतात. प्रत्येक संदेश सगळ्यांनी पुढे ढकलला, तर सेकंदाला ३२,००० प्रक्षेपणं होतात. आता २० नोडचे २० क्लस्टर करा. क्लस्टरच्या आतली प्रक्षेपणं मिळून १,६०० होतात. क्लस्टर-क्लस्टरमधली माहिती सगळ्या नोडनी फिरवली तरी आणखी १,६००. म्हणजे भार एक दशांशावर येतो. राउटिंग टेबलही ३९९ नोंदींवरून ३८ वर येतं: १९ शेजारी सदस्य आणि १९ इतर क्लस्टर.

सुरुवात हॅलो संदेशापासून करा, म्हणजे नोड ठरावीक वेळाने आपल्या पल्ल्यातल्या शेजाऱ्यांना पाठवतो त्या छोट्या संदेशापासून. त्यात नोडचा क्रमांक, भूमिका, क्लस्टर क्रमांक आणि शेजाऱ्यांची यादी ठेवा. ओएलएसआरच्या अधिकृत दस्तऐवजात, आरएफसी ३६२६ मध्ये, हॅलोचं अंतर २ सेकंद आणि शेजारी गेला असं मानण्याची मुदत ६ सेकंद आहे. दोन नोड प्रत्येकी १० मीटर प्रतिसेकंद वेगाने एकमेकांपासून दूर जात असतील, तर तेवढ्यात अंतर १२० मीटरने वाढतं. रेडिओचा पल्ला २०० मीटर असेल तर हे परवडत नाही. हॅलो अर्ध्या सेकंदावर आणा.

प्रत्येक क्लस्टरला एक प्रमुख नोड लागतो. तो निवडायला सर्वात लहान क्रमांकाचा नियम पुरेसा आहे. सर्वाधिक शेजारी असलेला नोड निवडण्याचा मोह टाळा, कारण शेजाऱ्यांची संख्या सतत बदलते आणि प्रमुखही तसाच बदलत राहतो. पण खरी मेख निवडीत नसून फेरनिवडीत आहे. लहान क्रमांकाचा सदस्य आला म्हणून प्रमुख बदलू नका. दोनच वेळी बदला: दोन प्रमुख एकमेकांच्या पल्ल्यात आले किंवा एखाद्या नोडला एकही प्रमुख ऐकू येईनासा झाला तर. पहिल्या प्रसंगी लगेच निर्णय न घेता ३-४ सेकंद थांबा. बरेचदा दोन प्रमुख नुसते एकमेकांजवळून निघून जातात.

दोन प्रमुखांचे हॅलो ऐकणारा नोड गेटवे, म्हणजे दोन क्लस्टरमधला दुवा, होतो. शेजारच्या क्लस्टरच्या दर जोडीला दोन गेटवे ठेवा. डेटा मात्र प्रमुखातूनच जायला हवा अशी सक्ती करू नका. तसं केलं तर त्याची बॅटरी आणि रांग दोन्ही आधी संपतात. प्रमुखाने मार्गाची माहिती सांभाळावी, पॅकेट गेटवेकडून गेटवेकडे थेट जावीत.

क्लस्टर बदलला की नोडचा पत्ता बदलतो, आणि बहुतेक मांडण्या इथेच फसतात. नोडच्या कायम क्रमांकाचा हॅश (ठरलेल्या सूत्राने त्यातून निघणारा आकडा) काढून त्याची सध्याची जागा नोंदवणारा क्लस्टर ठरवा, आणि जुन्या प्रमुखाला काही सेकंद पुढचा पत्ता जपायला लावा. क्लस्टरचा क्रमांक प्रमुखाच्या क्रमांकाशी बांधू नका. नाहीतर एक प्रमुख बदलताच सगळ्या सदस्यांचे पत्ते रद्द होतात.

एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये तपासताना रँडम वेपॉइंटचा (नोड यादृच्छिक ठिकाणांकडे यादृच्छिक वेगाने जातात त्या हालचालीच्या नमुन्याचा) किमान वेग शून्य ठेवू नका. तसा ठेवला तर सरासरी वेग घसरत जातो आणि आकडे खोटे चांगले दिसतात. प्रमुख मिनिटाला किती वेळा बदलतात हे पॅकेट पोहोचण्याच्या प्रमाणाआधी मोजा. तो आकडा मोठा असेल तर आधी टाइमर सुधारा, क्लस्टरच्या आकाराला नंतर हात लावा.