घरकुलाची सोडत : नशिबाला बोल लावण्याआधी या चुका टाळा

नागपूरच्या नंदनवन भागात प्राप्तिकराचे रिटर्न भरून देण्याचे माझे छोटे दुकान आहे. म्हाडाच्या नागपूर मंडळाची किंवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची घरांची जाहिरात निघाली, की रिटर्नचे काम बाजूला पडते आणि अर्ज भरून घेणाऱ्यांची रांग लागते. ही रांग जाहिरात निघते त्या दिवशी मी कधी पाहिलेली नाही. ती मुदत संपायला दोन दिवस उरले म्हणजे लागते, आणि ज्या दाखल्याला पंधरा दिवस लागतात तो दाखला मी संध्याकाळपर्यंत काढून द्यावा अशी अपेक्षा असते. पुढे यादीत नाव आले नाही, की हीच मंडळी नशिबाला बोल लावतात. सोडतीत नशिबाचा वाटा मोठा असतो हे मला मान्य आहे, पण ज्याचा अर्ज सोडतीपर्यंत पोचलाच नाही त्याने नशिबाचे नाव काढू नये.

म्हाडाने २०२३ मध्ये पद्धत बदलली, ही गोष्ट अजून अनेकांच्या ध्यानात आलेली नाही. पूर्वी सोडत आधी निघे आणि कागदपत्रांची छाननी मागाहून होई, त्यामुळे ‘आधी नंबर तर लागू द्या, मग पाहू’ असे म्हणण्याची सवय लोकांना लागली. आता आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा हे सारे सोडतीच्या आधीच तपासले जाते आणि पात्र ठरलेलाच अर्ज सोडतीत जातो. मग पाहण्यासारखे काही उरतच नाही.

उत्पन्न कोणाचे आणि कोणत्या वर्षाचे

सर्वांत जास्त अर्ज माझ्या डोळ्यांदेखत येथे बिघडले आहेत. म्हाडाच्या दृष्टीने उत्पन्न हे पती आणि पत्नी या दोघांचे मिळून धरले जाते. नागपूर महानगर क्षेत्रात वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट असतो. प्रधानमंत्री आवास योजनेतील अत्यल्प गटाच्या घराला मात्र ३ लाखांची मर्यादा आहे. एका योजनेची मर्यादा दुसरीला लावून अर्ज भरणारे दर जाहिरातीला दोघे-चौघे तरी भेटतात.

खरबी रस्त्याकडचा एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याचा पगार वर्षाला ४ लाख १० हजार होता. पत्नी घरीच शिवणकाम करीत असे, पण मालवाहू गाडीसाठी कर्ज हवे म्हणून सलग दोन वर्षे तिचे २ लाख ८० हजारांचे रिटर्न भरलेले होते. बेरीज ६ लाख ९० हजार होत असल्याने हे अल्प गटात बसते, असे मी सांगितले. त्याला अत्यल्प गटातलेच घर हवे होते, कारण ते स्वस्त होते. “काका, बायकोचं उत्पन्न कागदावरचंच आहे न जी, खरं थोडीच आहे!” असे तो म्हणाला. सरकारला कागदावरचेच उत्पन्न दिसते, हे मी त्याला दोनदा समजावले. तो उठला, चौकातल्या दुसऱ्या दुकानात गेला आणि पत्नीला गृहिणी दाखवून एकट्याच्या पगारावर अर्ज भरून आला. तिचे पॅन मात्र अर्जात द्यावेच लागले, आणि अर्ज अपात्र ठरला. अल्प गटातील ज्या घरांसाठी तो सरळ मार्गाने पात्र होता, त्यांची मुदत तोवर निघून गेली होती. कर्जासाठी फुगवलेले रिटर्न घरासाठी आकसत नाही, हे गाडी घेताना कोणी सांगत नाही.

वर्षाचा घोळ तर मी स्वतः घातलेला आहे. जाहिरातीत आर्थिक वर्ष २०२२-२३ चे उत्पन्न मागितले होते आणि माझ्या वहिनीच्या रिटर्नच्या पावतीवर ठळक अक्षरांत २०२२-२३ असे होते. घाईत मी तीच पावती अपलोड केली. पावतीवरचे ते करनिर्धारण वर्ष असते, म्हणजे त्यातील उत्पन्न आदल्या वर्षाचे, २०२१-२२ चे असते. आयुष्यभर रिटर्न भरणाऱ्या माणसाकडून हे घडावे, याची वहिनीने मला अजून माफी दिलेली नाही. पुरावा नामंजूर झाल्याचा संदेश मुदतीच्या आत आला म्हणून करनिर्धारण वर्ष २०२३-२४ ची पावती टाकता आली. तेव्हापासून मी जाहिरातीतील वर्ष आधी कागदावर लिहितो, त्यापुढे एक वर्ष वाढवून करनिर्धारण वर्ष लिहितो आणि तो कागद समोर ठेवल्याशिवाय फाईल निवडत नाही. जे रिटर्न भरत नाहीत त्यांनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घ्यावा, आणि त्यावरील वर्षही याच काटेकोरपणे पाहावे.

‘माझ्या नावावर घर नाही’

ही घोषणा अर्जात करताना कोणी क्षणभरही थांबत नाही. म्हाडाच्या सोडतीत शहराच्या हद्दीत स्वतःच्या, पतीच्या किंवा पत्नीच्या अथवा अज्ञान मुलांच्या नावावर घर नसावे लागते. प्रधानमंत्री आवास योजनेत तर देशात कोठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर चालत नाही, म्हणजे काटोल किंवा उमरेडकडचे गावातले स्लॅबचे घरही मोजले जाते.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे वडील नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यात राहत. वडील गेल्यावर थोरल्या भावाने वारस नोंद करून घेतली. धाकटे तोवर पंधरा वर्षे भाड्याच्या खोलीत राहत होते, वाड्यात त्यांना एक खणही मिळालेला नव्हता, आणि त्यामुळे आपल्या नावावर काही नाही असे ते मनापासून समजत होते. त्यांचा नंबर लागला, पेढे वाटले गेले, आणि महिन्याभरात एका निनावी तक्रारीसोबत आखिव पत्रिकेची, म्हणजे मिळकतीच्या मालकीची नोंद असलेल्या कागदाची, नक्कल म्हाडाच्या कार्यालयात पोचली. तिच्यावर तिन्ही भावांची नावे होती. मग धावपळ करून त्यांनी हक्कसोड पत्र केले, पण त्याची तारीख अर्जानंतरची होती. ती फाईल सुनावणीत अडकली आणि त्या काळात त्यांनी खोलीचे भाडे तर भरलेच, शिवाय घरासाठी मोडलेल्या ठेवीचे व्याजही गमावले. नक्कल कोणी पाठवली हे त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

म्हणून माझ्या दुकानाचा नियम असा आहे, की वडिलोपार्जित घराचा नुसता उल्लेख झाला तरी मी आखिव पत्रिका पाहिल्याशिवाय अर्जाला हात लावत नाही. गावाकडचे घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरांच्या नोंदीचा उतारा, पाहतो. लोक चिडतात, ‘एवढं कोण पाहते जी’ म्हणतात. सोडतीत हरलेला शेजारी पाहतो.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक यांवरील नाव अक्षरशः एकच असावे. लग्नानंतर आधारवर नाव बदलले आणि पॅनवर माहेरचे राहिले, हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे आणि तो जाहिरातीची वाट पाहत असतानाच दुरुस्त करायचा असतो.

आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणाऱ्याने जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवावे. वैधतेसाठी अर्ज केल्याच्या नुसत्या पावतीवर विसंबू नये.

अनामत रक्कम स्वतःच्या एकट्याच्या नावाच्या बचत खात्यातून भरावी. मेहुण्याच्या खात्यातून भरली तर परताव्याच्या वेळी मेहुणा आठवतो आणि त्याला पैसे आठवत नाहीत. अर्ज शुल्क परत मिळत नसते, त्यावरून माझ्याशी भांडू नये.

मोबाइल क्रमांक आणि ई-मेल अर्जदाराचेच असावेत. सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा ई-मेल टाकून भरलेले अर्ज मी पाहिले आहेत. प्रतीक्षा यादीतल्या माणसाला तर कधी, किती महिन्यांनी बोलावणे येईल याचा नेम नसतो, आणि तोवर त्याने स्वस्तातले रिचार्ज शोधत तीन सिम बदललेली असतात.

दलालाबद्दल मी फार लिहिणार नाही. म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही, हे जाहिरातीतच छापलेले असते, आणि सोडत संगणकावर सर्वांसमोर निघते. तरीही ‘कोट्यातून करून देतो’ म्हणणाऱ्याला पन्नास हजार देणारा माणूस माझ्याकडे अर्जाच्या शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते.

नंबर लागल्यावर आणि त्याआधीही

प्रतीक्षेचा काळ हा पैशांच्या तयारीचा काळ आहे. देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचे पत्र, आले की हप्त्यांच्या तारखा सुरू होतात, उशीर झाला की व्याज लागते आणि फारच उशीर झाला तर घर जाते. बँकेकडे पहिल्यांदा त्या दिवशी जाणाऱ्याला बँक सहा महिन्यांचे स्टेटमेंट मागते आणि त्यात रोखीच्या पगाराचा मागमूस नसतो. घराच्या किमतीशिवाय मुद्रांक शुल्क, १ टक्का नोंदणी शुल्क आणि देखभालीची आगाऊ रक्कम वेगळी लागते. मी लोकांना किमतीचा दहावा भाग वेगळा ठेवायला सांगतो. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

आणि अर्ज भरण्याआधी जागा पाहून यावी. वाठोडा, तरोडी, चिखली ही नावे कागदावर सारखीच दिसतात. मेट्रोने प्रजापती नगरपर्यंत जावे, तेथून पुढे ऑटोला किती पडतात ते विचारावे, आणि हे काम मे महिन्यात भरदुपारी करावे. माझ्या भाच्याने नमुना घर पाहून यायला तेवढा एक दिवस काढला. परत आल्यावर त्याने मला खोल्यांची मापे सांगितली नाहीत, तर बेडरूमच्या खिडकीबाहेर कूलरचा स्टँड बसतो एवढेच सांगितले, आणि त्याच रात्री आम्ही दोघांनी अर्ज भरला.