एनबीए समजून घ्यायचंय? मग दुसऱ्या राउंडपासून सुरुवात करा

बास्केटबॉल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे आकडेवारीवरून खेळाच्या अभ्यासात, शिरू पाहणारी मुलं ‘आधी काय शिकू?’ असं विचारतात. शॉट चार्ट, मॉडेल वगैरे नंतर, असं मी सांगतो. एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग; तिचे संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट. आधी एखाद्या वर्षाच्या ड्राफ्टचा दुसरा राउंड एक्सेलमध्ये उतरवा, 31 व्या पिकपासून (निवडीपासून) शेवटच्या पिकपर्यंत. गाजलेली चार नावं उचलून चालणार नाही, सगळी हवीत. नावापुढे पहिला करार किती वर्षांचा आणि एकूण सामने किती, हे रकाने.

नाहीतर निकोला योकिच डोक्यात बसतो. 2014 मध्ये डेन्व्हरच्या संघाने त्याला 41 वा घेतला, तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. पुढे तीन एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब), 2023 ची एनबीए ट्रॉफी. हा किस्सा सांगून लोक डेन्व्हरच्या स्काउटिंगची आरती ओवाळतात. पण त्याच रात्री डेन्व्हरने शिकागोशी ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करून 16 व्या पिकवरचा युसुफ नुर्किच मिळवला होता. तोही योकिचसारखा बाल्कनमधला सेंटरच, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू! योकिच इतका मोठा होईल हे डेन्व्हरलाही ठाऊक असतं, तर 41 पर्यंत कोण थांबलं असतं?

खरी गंमत करारात आहे. पहिल्या राउंडचे पगार ठरावीक तक्त्यानुसार असतात, दुसऱ्यात वाटाघाटीला वाव असतो. 2018 मध्ये योकिचला आणखी एक वर्ष जेमतेम 16 लाख डॉलरमध्ये ठेवायचा टीम ऑप्शन, म्हणजे संघाच्या मर्जीवरचा हक्क, डेन्व्हरकडे होता. तो त्यांनी मुद्दाम सोडला. कारण ते वर्ष संपल्यावर योकिच कुठल्याही संघात जायला पूर्ण मोकळा झाला असता. आधीच सोडल्याने तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट झाला, म्हणजे दुसऱ्या कोणाच्याही ऑफरची बरोबरी करायचा हक्क डेन्व्हरकडे राहिला. मग पाच वर्षांचा, सुमारे 15 कोटी डॉलरचा करार झाला. उलट डॅलसने 2018 मध्ये 33 वा घेतलेला जेलन ब्रन्सन चार वर्षं खेळून पूर्ण मोकळा झाला आणि 2022 मध्ये न्यूयॉर्कला गेला. डॅलसच्या हाती बदल्यात काहीच आलं नाही. हिरा सापडूनही हातचा गेला.

दुसरी वाट सबुरीची. सॅन अँटोनियोने 1999 मध्ये मनू जिनोबिली 57 वा घेतला, 58 जणांत! तो 2002 पर्यंत इटलीत खेळला. तिथे तो तयार होत होता आणि पगाराचा बोजा सॅन अँटोनियोवर नव्हता. आल्यावर चार ट्रॉफ्या.

आता 2015 चा तक्ता उघडा: 52 वा, सतनाम सिंग, डॅलस. भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्टेड खेळाडू म्हणून आपल्याकडे केवढ्या बातम्या झाल्या! एनबीएचे सामने: शून्य. या राउंडमध्ये असे रकाने ढिगाने दिसतील. म्हणूनच सगळी नावं लिहा म्हटलं.

सरावाला 2012 चा ड्राफ्ट उत्तम. 35 व्या ड्रेमंड ग्रीनने त्याला निवडणाऱ्या गोल्डन स्टेटसाठीच चार ट्रॉफ्या जिंकल्या. 39 वा ख्रिस मिडलटन निवडला डेट्रॉइटने, एका हंगामानंतर ट्रेडमध्ये दिला, आणि 2021 ची ट्रॉफी त्याने मिलवॉकीकडून उचलली. तेव्हा ‘कोणी निवडला’ आणि ‘कोणाला फळला’ हे दोन रकाने वेगळेच ठेवा.