जुन्या क्रिकेट कार्डांचे ग्रेडिंग: आकडा चुकला असे म्हणण्यापूर्वी या चुका टाळा

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आजोबा बोटीवर नोकरीला होते, आणि त्या काळी सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रे त्यांनी त्या डब्यात जपून ठेवली होती. त्यांतील बहुतेक कार्डे प्लेअर्स या ब्रिटिश सिगारेट कंपनीच्या १९३८ सालच्या मालिकेतील आहेत. काही वर्षांपूर्वी मी त्यांतील दोन कार्डे मुंबईच्या एका मध्यस्थामार्फत अमेरिकेतील एका ग्रेडिंग कंपनीकडे पाठवली. अशी कंपनी कार्डाची अवस्था तपासून त्याला १ ते १० पैकी आकडा देते, आणि कार्ड लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, बंद करून परत पाठवते. निकाल आला तेव्हा ज्या कार्डाचे कोपरे मला उघड उघड अधिक टोकदार दिसत होते त्याला ३ आणि दुसऱ्याला ५ मिळाले होते. कंपनीच्या कामात सुसूत्रता नाही, असे मी बरेच महिने भेटेल त्याला सांगत होतो. पुढे एका रात्री वीज गेली असताना बॅटरीच्या उजेडात मी ते ३ ग्रेडचे कार्ड सहज तिरके धरले, आणि खेळाडूच्या टोपीपासून खांद्यापर्यंत गेलेली केसाएवढी बारीक चुणी मला प्रथमच दिसली. समोरून पडणाऱ्या प्रकाशात ती अजिबात दिसत नव्हती.

ग्रेडिंगमध्ये विसंगती असते, हे मी आजही ठामपणे म्हणतो. तेच कार्ड दुसऱ्यांदा पाठवल्यावर अर्ध्या किंवा एका ग्रेडचा फरक पडल्याचे अनुभव जगभरच्या संग्राहकांना आहेत, कारण हे काम अखेर माणसाच्या डोळ्यांनी होते. परंतु कोकणातील माझ्यासारख्या संग्राहकांच्या तक्रारी ऐकताना असे जाणवते की, ज्याला आपण विसंगती म्हणतो त्यातील बराचसा भाग आपण कार्ड नीट न तपासल्याने, लेबल नीट न वाचल्याने किंवा ते नीट न साठवल्याने निर्माण झालेला असतो. तो भाग आधी बाजूला काढला तरच उरलेल्या खऱ्या विसंगतीबद्दल कंपनीशी काही बोलता येते.

कार्ड फक्त समोरून पाहून पाठवणे

आपण कोपरे पाहतो, कारण कोपरे चटकन दिसतात. परीक्षक मात्र कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग (चित्र कार्डाच्या मधोमध आहे की नाही) या चारही गोष्टी पाहतो, आणि जुन्या कार्डात यांपैकी एकच मोठा दोष बाकी सगळे गुण झाकून टाकतो. ग्रेड म्हणजे चार गुणांची सरासरी नव्हे. चारही कोपरे उत्तम असलेल्या कार्डावर एक खरी चुणी असेल, तर ते सहसा ४ च्या वर जात नाही.

पाठवण्यापूर्वी खोलीतील दिवे मालवावेत, टेबलावर काळे कापड पसरावे आणि बॅटरी जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरून उजेड कार्डावरून आडवा जाऊ द्यावा. मग कार्ड चारही दिशांनी फिरवून पाहावे. चुणी, नखाचा दाब, पेन्सिलने लिहून खोडल्याची खूण आणि डिंकाचा थर हे दोष अशाच प्रकाशात उठून दिसतात. त्यानंतर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून कडा पाहाव्यात. कार्डाची मागची बाजू विसरू नये. १९३० च्या दशकातील प्लेअर्सच्या अनेक मालिकांच्या पाठीला अल्बममध्ये चिकटवण्यासाठी डिंक लावलेला असे, आणि अल्बममधून ओरबाडून काढलेल्या कार्डाच्या पाठीवरील कागदाचा पापुद्रा गेलेला असतो. समोरून देखणे असलेले असे कार्ड १ किंवा २ घेऊन परत आले, तर त्यात नवल नाही.

सेंटरिंग नजरेने ठरवणे

सर्वाधिक वाद इथेच होतात. चित्राभोवतीचा डावा आणि उजवा कोरा काठ मोजून दोन्हींची बेरीज करायची आणि प्रत्येक काठ त्या बेरजेच्या किती टक्के आहे ते काढायचे, एवढाच हा हिशेब आहे. पीएसए या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीच्या अनेक वर्षे जाहीर असलेल्या निकषांत ९ ग्रेडसाठी समोरची बाजू साधारण ६०/४० ते ६५/३५ आणि ८ साठी ६५/३५ ते ७०/३० या मर्यादेत असावी, असे म्हटले होते. पाठीमागच्या बाजूला या दोन्ही ग्रेडना ९०/१० पर्यंत सूट होती.

आता या निकषांनुसार एक उदाहरण पाहू. एका कार्डाचा डावा काठ २.४ मिलिमीटर आणि उजवा ३.६ मिलिमीटर आहे, म्हणजे प्रमाण ६०/४०. मोजताना पट्टी ०.२ मिलिमीटर सरकली तर काठ २.२ आणि ३.८ येतील आणि प्रमाण सुमारे ६३/३७ होईल. ग्रेडची मर्यादा ओलांडली गेली नाही. दुसऱ्या कार्डाचे काठ अरुंद आहेत, १ मिलिमीटर आणि १.५ मिलिमीटर. प्रमाण तेच, ६०/४०. इथे पट्टी तेवढीच सरकली तर काठ ०.८ आणि १.७ येतात आणि प्रमाण थेट ६८/३२ वर जाते, म्हणजे ९ च्या मर्यादेतून ८ च्या मर्यादेत. माणसाचा डोळा तितकाच चुकला, पण निकाल बदलला. अरुंद काठांच्या कार्डांना वेगवेगळ्या वेळी वेगळे ग्रेड मिळण्याचे हे मोठे कारण आहे, आणि अशा सीमारेषेवरच्या कार्डासाठी वरचा ग्रेड गृहीत धरून पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळ्या लेबलांवरचे आकडे एकाच मापाचे समजणे

रत्नागिरीतील एका परिचितांनी एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीचे जुने लेबल असलेले एक कार्ड नाकारले, कारण त्यावर ६० लिहिलेले होते आणि त्यांनी ते शंभरपैकी साठ गुण समजून मनातल्या मनात ६ केले. तेच कार्ड पुढे दुसऱ्या कंपनीच्या स्लॅबमध्ये ५ म्हणून आल्यावर त्यांना ते उतरलेले वाटले. प्रत्यक्षात एसजीसीच्या पूर्वीच्या शंभराच्या मापात ६० म्हणजे ५ च. त्याच मापात ४० म्हणजे ३, ५० म्हणजे ४, ८० म्हणजे ६, ८४ म्हणजे ७, ८८ म्हणजे ८ आणि ९६ म्हणजे ९. शून्य पुसून हे आकडे वाचता येत नाहीत.

पीएसएने अर्धे ग्रेड २००८ मध्ये आणले. त्यापूर्वीच्या लेबलावरील ५ मध्ये आज ५.५ मिळू शकेल असे कार्डही असू शकते आणि जेमतेम ५ असलेलेही. बेकेट या ग्रेडिंग कंपनीच्या आधुनिक कार्डांच्या लेबलवर अनेकदा चार उपग्रेड, म्हणजे वरील चार गोष्टींचे वेगवेगळे आकडे, छापलेले असतात, त्यामुळे निदान कारण तरी कळते. इतरत्र बहुधा एकच आकडा मिळतो आणि कारण आपल्याला शोधावे लागते.

याहून अधिक गोंधळ पीएसएच्या आकड्यापुढील अक्षरांमुळे होतो. ८ पुढे ओसी असेल तर अर्थ असा की बाकी कार्ड ८ चे आहे, पण सेंटरिंग त्या ग्रेडला शोभणारे नाही. एसटी म्हणजे डाग, एमके म्हणजे लिखाण किंवा खूण, पीडी म्हणजे छपाईतील दोष. कार्ड देतानाच ही अक्षरे नकोत असे सांगता येते, आणि मग तो दोष आकड्यातच वळता केला जातो. संग्राहकांच्या संग्रहांची क्रमवारी लावणाऱ्या पीएसएच्या संग्रहनोंदणीत अशी अक्षरे असलेले कार्ड साधारण दोन ग्रेड खाली धरले जाते. त्यामुळे एकाच डब्यातील दोन सारख्या कार्डांपैकी एक ८ ओसी आणि दुसरे ६ म्हणून आले, तर कंपनीने दोन्हींबद्दल एकच गोष्ट दोन प्रकारे सांगितली आहे.

स्लॅबमध्ये आहे म्हणजे कापलेले नाही, असे मानणे

पीएसएने १९९१ मध्ये काम सुरू केले तेव्हा ग्रेड केलेले पहिले कार्ड होते अमेरिकी सिगारेटच्या पाकिटांतून निघणाऱ्या १९०९ ते १९११ च्या टी२०६ मालिकेतील बेसबॉलपटू होनस वॅग्नर यांचे. त्याच वर्षी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्यांच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते ४,५१,००० डॉलरना घेतले होते. त्याला ८ मिळाले. ऐंशी वर्षांच्या कार्डाच्या इतक्या सरळ कडांबद्दल लोकांना शंका होतीच, आणि २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो यांनी आपण त्या कार्डाच्या कडा कापल्याचे कबूल केले. कापलेल्या कार्डाला खरे तर आकडा मिळायलाच नको. म्हणजे पीएसएचा पहिलाच आकडा चुकीचा होता, आणि ही गोष्ट जुनी कार्डे घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. झिजलेला कोपरा कापून नवा केला की कार्ड वरच्या ग्रेडचे दिसते. त्यामुळे खालच्या ग्रेडपेक्षा वरच्या ग्रेडच्या जुन्या कार्डाकडे अधिक संशयाने पाहावे लागते.

उलट चूकही होते. जुनी कार्डे मोठ्या कागदांवर छापून कारखान्यात कापली जात आणि पाते बोथट झाले किंवा कागद सरकला की माप बदलत असे. ब्रिटिश सिगारेट कार्डाचे नेहमीचे माप साधारण ३६ बाय ६८ मिलिमीटर, पण आमच्या डब्यातच एकमेकांपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान-मोठी कार्डे आहेत, आणि ती आजोबांनी थेट पाकिटातून काढलेली आहेत. अशी मूळचीच लहान कार्डे मापात बसत नाहीत म्हणून परत येऊ शकतात. कॅनडातील ओ-पी-ची कंपनीच्या कार्डांची तर मूळ कडच फाटल्यासारखी खरखरीत असते, कारण ती तारेने कापली जात. १९७९ सालच्या ग्रेट्झ्कीच्या कार्डाची कड अगदी गुळगुळीत दिसली तर जाणकार आधी ती कापली आहे का ते पाहतात. ज्या मालिकेचे कार्ड आहे तिची कड मूळची कशी असते, हे पाच-दहा साधी, स्वस्त कार्डे हातात घेऊन शिकावे.

रागाच्या भरात स्लॅब फोडणे

मी हे एकदा केले आहे. पक्कडीने कोपरा चेपताना प्लास्टिकचा तुकडा उडाला आणि कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडली. पूर्वी ४ असलेले ते कार्ड आता २ चेही राहिलेले नाही. कंपन्या स्लॅबसकट पुनर्परीक्षण करून देतात. तो मार्ग आधी वापरावा, आणि तोही वर सांगितलेली तपासणी करून दोष सापडला नाही तरच. स्लॅब फोडून कार्ड पुन्हा पाठवले आणि जुने लेबल कंपनीला कळवले नाही तर त्या कार्डाची नोंद दोनदा राहते, आणि त्या ग्रेडची कार्डे किती आहेत हे सांगणारी आकडेवारी फुगते. लेबलवर वर्ष, मालिका किंवा खेळाडूचे नाव चुकले असेल तर मात्र लगेच कळवावे. ती दुरुस्ती सहज होते.

आपल्या हवेचा विचार न करणे

मुंबई-पुण्याच्या संग्राहकांचे सल्ले वाचून आपण कार्डे साठवतो, आणि तिथेच फसतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते, आणि मीठ उघडे ठेवले तर त्याचे पाणी होते. त्याच हवेत कार्डाचा कागद ओलावा शोषून फुगतो आणि समोरची व मागची बाजू सारखी न फुगल्याने कार्ड वाकते. मी एकदा जुलैत कार्डे पाठवली. घरात पाहिलेली आणि तिकडे कोरड्या हवेत उघडलेली कार्डे एकच असली तरी त्यांची अवस्था एक नव्हती, आणि वाकलेल्या कार्डांचा ग्रेड उतरला. आता मी दिवाळी झाल्यावर, हवा कोरडी होऊन दोन-तीन आठवडे गेल्यावरच कार्डे पाठवतो.

स्लॅब हवाबंद नसतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. पाच वर्षांपूर्वी ६ मिळालेले कार्ड बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात ठेवले, तर आज स्लॅबमध्येच त्याच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसू शकतात. ते विकत घेणारा म्हणतो की कंपनीने डाग पाहिले नाहीत. परीक्षकासमोर ते आलेलेच नव्हते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आतल्या भिंतीजवळची जागा, एवढी काळजी पुरते. सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी झाले की ते बदलावेत. आगोटीची इतर कामे होतात त्याच आठवड्यात हेही करून टाकावे.

उन्हाबद्दल विशेष सांगतो, कारण ही चूक मायेपोटी होते. वैशाखात खळ्यात पापड, गाद्या आणि पोथ्या वाळत घालण्याची आपली रीत आहे. आमच्या काकीने एका मे महिन्यात डब्यातील कार्डेही सुपात पसरून उन्हात ठेवली. संध्याकाळी ती कुरकुरीत झाली होती आणि वरच्या थरातील कार्डांचा लाल रंग विटकरी पडला होता. त्याच मालिकेच्या खालच्या थरातील कार्डांना नंतर वरचा ग्रेड मिळाला. कारण लेबलवर लिहिलेले नव्हते, पण मला ते माहीत होते.

डब्याच्या तळाशी चार कार्डे एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत. पाठीचा डिंक कुठल्यातरी पावसाळ्यात ओलावून पुन्हा सुकला असावा. अमेरिकेतील संग्राहक वहीत चिकटवलेली टी२०६ कार्डे साध्या पाण्यात भिजवून सोडवतात आणि बऱ्याचदा त्यांना यश येते, म्हणून आपणही तसे करावे असे वाटते. पण ज्या कार्डाची सबंध पाठच डिंकाची आहे ते पाण्यात टाकले तर डिंक विरघळून समोरच्या चित्रावर पसरतो, आणि वाळल्यावर त्याची चकाकी आडव्या उजेडात परीक्षकाला लगेच दिसते. त्या चार कार्डांत वरचे ब्रॅडमनचे आहे. मी ती गड्डी तशीच, सिलिका जेलच्या पुडीसह वेगळ्या डबीत ठेवली आहे, आणि कागद-संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय तिला पाणी लावणार नाही.