थेट परकीय गुंतवणूक कशी मोजावी: घोषणेपासून निव्वळ आकड्यापर्यंत

नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात सौदी अरामको आणि अबू धाबीची अ‍ॅडनॉक यांचा मिळून निम्मा वाटा राहील, असे करार 2018 साली झाले आणि सुमारे 44 अब्ज डॉलरचा आकडा राजापूर तालुक्यात घरोघरी पोहोचला. देशाच्या हिशेबात मात्र त्या करारांमुळे एक डॉलरही जमा झाला नाही. मोजणीला बसताना सर्वप्रथम हेच ठरवून घ्यावे, की घोषणा, सामंजस्य करार आणि मंजुरी यांपैकी काहीही प्रवाह, म्हणजे ठरावीक काळात प्रत्यक्ष झालेली गुंतवणूक, नव्हे. परदेशी गुंतवणूकदाराशी प्रत्यक्ष व्यवहार होऊन देशातील कंपनीत त्याचा हक्क निर्माण झाला, तरच नोंद करावी.

त्यानंतर हा व्यवहार 'थेट' गुंतवणुकीचा आहे का, ते तपासावे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या निकषानुसार परदेशी गुंतवणूकदाराकडे कंपनीत किमान 10 टक्के मताधिकार असावा लागतो. दाभोळ वीजप्रकल्पात सुरुवातीला एन्रॉनकडे 80 टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्याकडे प्रत्येकी 10 टक्के हिस्सा होता, म्हणजे या निकषावर तिघेही थेट गुंतवणूकदार ठरतात. भारतात शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीतील 10 टक्क्यांहून कमी परकीय हिस्सा पोर्टफोलिओ गुंतवणुकीत, म्हणजे कारभारात वाटा न घेता केवळ परताव्यासाठी केलेल्या गुंतवणुकीत, जातो. नोंद नसलेल्या कंपनीत मात्र हिस्सा कितीही लहान असला, तरी तो थेट गुंतवणूकच मानला जातो. आपल्याकडे दुबई-कुवेतहून घरखर्चासाठी येणारे पैसे यात कधीही मिसळू नयेत. ते देशाच्या चालू खात्यातील (व्यापार, उत्पन्न आणि अशा एकतर्फी रकमांच्या हिशेबातील) हस्तांतरण आहे. अनिवासी भारतीयाने रक्कम परत न नेण्याच्या अटीवर वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात पैसे घातले, तर आपल्या नियमांनुसार ती देशांतर्गत गुंतवणूक समजली जाते.

आता बेरीज. ती तीन घटकांची असते: भागभांडवल, पुनर्गुंतवलेला नफा आणि मूळ कंपनी व उपकंपनी यांच्यातील कर्जे. रत्नागिरीत अर्थशास्त्र शिकवताना मी फळ्यावर नेहमी एक काल्पनिक कारखाना मांडतो. आंब्याचा पल्प डबाबंद करणाऱ्या या कारखान्याची शंभर टक्के मालकी परदेशी कंपनीकडे आहे. तिने वर्षभरात 10 कोटी रुपयांचे नवे समभाग घेतले, 4 कोटी रुपये कर्जाऊ दिले. कारखान्याला 3 कोटी नफा झाला, त्यातील 1 कोटी लाभांश म्हणून बाहेर गेला आणि 2 कोटी कारखान्यातच राहिले. एकूण आवक 16 कोटी झाली. विद्यार्थी 2 कोटींपाशी हमखास अडतात, कारण ही रक्कम कोणत्याही बँकेतून समुद्र ओलांडून आलेलीच नाही. व्यवहारतोलाच्या, म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या सर्व व्यवहारांच्या, हिशेबात मात्र संपूर्ण 3 कोटी मालकाचे उत्पन्न म्हणून चालू खात्यातून बाहेर गेल्याचे दाखवतात आणि त्यांपैकी 2 कोटी गुंतवणूक म्हणून वित्तीय खात्यात (गुंतवणूक आणि कर्जांच्या हिशेबात) परत आल्याचे नोंदवतात. ही दुहेरी नोंद एकदा समजली, की पुढचा हिशेब सोपा होतो. पुढे त्याच मालकाने 5 कोटींचे समभाग भारतीय खरेदीदाराला विकले, तर तेवढी रक्कम वजा होऊन 11 कोटी उरतात.

देशाचा आकडाही याच क्रमाने वाचावा. 2024-25 मध्ये भारतात सुमारे 81 अब्ज डॉलरची एकूण आवक झाली, परंतु 51 अब्जांहून अधिक रक्कम निर्गुंतवणूक होऊन परत गेली, उरलेल्यातील बहुतेक वाटा भारतीय कंपन्यांच्या परदेशातील गुंतवणुकीपोटी वजा झाला आणि निव्वळ आकडा एक अब्ज डॉलरच्याही आत राहिला. एकाच वर्षाविषयीची ही दोन्ही विधाने खरी आहेत. म्हणून बातमीत 'एकूण' की 'निव्वळ' हा शब्द सापडेपर्यंत निष्कर्ष काढू नये, असा माझा आग्रह आहे.

रिझर्व्ह बँकेचे मासिक आकडे तात्पुरते असतात. अलीकडच्या वर्षांतील पुनर्गुंतवलेला नफा आधीच्या दोन वर्षांच्या सरासरीवरून अंदाजाने धरला जातो आणि कंपन्यांनी 15 जुलैपर्यंत भरावयाच्या वार्षिक विवरणपत्रांवरून पुढे आकडे सुधारले जातात. त्यामुळे टिपण करताना आकड्याशेजारी तो प्रसिद्ध झाल्याची तारीखही लिहावी. समभागांची किंमत किंवा डॉलरचा दर वाढल्याने गुंतवणुकीचा साठा, म्हणजे आजवर जमलेल्या गुंतवणुकीचे एकूण मूल्य, फुगतो, पण तो प्रवाह नव्हे. देशवार तक्त्यात मॉरिशस आणि सिंगापूर ठळक दिसतात, तेव्हा तेथून आलेल्या पैशाचा मूळ मालक तिसऱ्याच देशातील असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

राज्यवार आकडे ऑक्टोबर 2019 पासून मिळतात. त्याआधी ते रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयांनुसार मांडले जात आणि मुंबईच्या रकान्यात महाराष्ट्राबरोबर दादरा-नगर हवेली व दमण-दीवही येत असत; म्हणून या दोन मालिका एकमेकींना जोडू नयेत. महाराष्ट्राच्या बेरजेतून रायगड किंवा रत्नागिरीचा वाटा वेगळा काढता येत नाही. उरणच्या बंदरातील सिंगापूरच्या पीएसए या बंदर चालवणाऱ्या कंपनीचे टर्मिनल असो वा एखादा लहान कारखाना, जिल्ह्यापुरता हिशेब हवा असेल तर कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून भागभांडवल, राखून ठेवलेला नफा आणि मूळ कंपनीचे कर्ज हे तीन रकाने स्वतः भरावे लागतात.