घरच्या कॉकटेलसाठी व्हर्मूथ निवडताय? या चुका टाळा

घरी केलेली मार्टिनी (जिन आणि व्हर्मूथ) बेचव लागली की दोष जिनला जातो, आणि निग्रोनी (जिन, व्हर्मूथ आणि कंपारी हे कडू लाल इटालियन मद्य) गोडमिट्ट झाली की कंपारीला. मग पुढच्या वेळी आणखी महागाची जिन येते आणि पेय तसंच्या तसं राहतं. अशा वेळी मी आधी व्हर्मूथची बाटली बघायला मागतो. ती कधी उघडली, कुठे ठेवली आणि कुठल्या प्रकारची आहे, या तीन प्रश्नांत बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती बाटली व्हिस्की-रमच्या शेजारी कपाटात उभी करून ठेवणं. व्हर्मूथ ही वाइन आहे. तिच्यात थोडा स्पिरिट, साखर आणि वनस्पतींचा अर्क घातलेला असतो. त्यांत दवण्याच्या कुळातली एक कडू वनस्पती हवीच. युरोपातल्या नियमांप्रमाणे व्हर्मूथमध्ये निदान 75 टक्के वाइन लागते आणि अल्कोहोल 14.5 टक्क्यांपासून 22 टक्क्यांच्या आत असतं. जिन किंवा व्हिस्कीत ते 40 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून ती उघडी बाटली वर्षभर टिकते. व्हर्मूथ टिकत नाही. बूच उघडलं की हवा आपलं काम सुरू करते. आधी वास मंदावतो, मग चव सपाट होते, आणि शेवटी जास्त पिकलेल्या सफरचंदासारखा किंवा व्हिनेगरकडे झुकणारा वास येऊ लागतो. ड्राय, म्हणजे कमी गोड, व्हर्मूथमध्ये हा बदल लवकर कळतो. गोड व्हर्मूथमधली साखर तो थोडा झाकते.

उपाय साधा आहे. उघडल्याबरोबर बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि लेबलवर पेनाने तारीख लिहायची. ड्राय असेल तर महिना-दीड महिना, गोड असेल तर साधारण दोन महिने, एवढाच हिशेब धरावा. घरात एक-दोघंच पिणारे असतील तर 375 मिलीची छोटी बाटली मिळते का ते बघा. मोठीच मिळाली तर उघडल्याच दिवशी निम्मी एका स्वच्छ छोट्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा. आत हवेला जागाच राहत नाही. जुनी झालेली पण आंबट न झालेली ड्राय व्हर्मूथ पांढऱ्या वाइनऐवजी स्वयंपाकात चालते, कॉकटेलमध्ये मात्र नको.

दुसरी चूक रंगावरून निवडण्याची. बियांको किंवा ब्लाँ (म्हणजे पांढरी) लिहिलेली बाटली पाण्यासारखी स्वच्छ दिसते, म्हणून ती ड्राय समजून मार्टिनीत जाते आणि पेय गोड होतं. बियांको गोडच असते. लेबलवर ड्राय किंवा एक्स्ट्रा ड्राय हे शब्द शोधा. युरोपीय वर्गवारीत एक्स्ट्रा ड्रायमध्ये लिटरमागे 30 ग्रॅमपेक्षा कमी साखर, ड्रायमध्ये 50 पेक्षा कमी, आणि गोड व्हर्मूथमध्ये 130 ग्रॅम किंवा त्याहून जास्त. फरक एवढा मोठा आहे की एकीच्या जागी दुसरी घालून चालतच नाही. रोस्सो आणि रूज ही लाल, गोड व्हर्मूथची नावं. बहुतेक लाल व्हर्मूथ पांढऱ्या वाइनपासूनच बनतात; तो गडद रंग मुख्यतः कॅरॅमलचा. त्यामुळे रंग जितका गडद तितकी चव दमदार, हा अंदाजही चुकतो.

आता खरा रस आहे तो इथे. एकच चांगली बाटली घेऊन सगळी कॉकटेल करायची हा विचार सोयीचा वाटतो, पण चांगली म्हणजे कशासाठी चांगली? लाल, गोड व्हर्मूथपैकी कार्पानो अँटिका फॉर्म्युलात व्हॅनिला ठळक असतो. राय या धान्याच्या व्हिस्कीच्या मॅनहॅटनमध्ये (व्हिस्की आणि गोड व्हर्मूथचं कॉकटेल) तो छान बसतो, कारण रायचा तिखटपणा त्याला तोलून धरतो. तीच व्हर्मूथ मक्याच्या गोडसर बर्बन व्हिस्कीबरोबर घातली की पेय जड होतं. तिथे पुंट ए मेस ही व्हर्मूथ घेऊन बघा. ती गोड असूनही चांगलीच कडू आहे आणि बर्बनला आवर घालते. पण निग्रोनीत कंपारीचा कडवटपणा आधीच असतो, त्यात पुंट ए मेस पूर्ण मापाने घातली तर नवख्याला ते पेय झेपत नाही. दोलॅं कंपनीची रूज हलकी आणि नाजूक. मॅनहॅटनमध्ये सुरेख, निग्रोनीत मात्र कंपारीखाली दबून जाते. कोक्की कंपनीची तोरिनो या सगळ्यांच्या मधली आहे. संत्र्याची साल, थोडा कोको आणि पुरेसा कडूपणा असल्यामुळे लाल व्हर्मूथची एकच बाटली घ्यायची असेल तर मी तीच घ्यायला सांगेन.

ड्रायमध्येही असाच भेद आहे. फ्रान्समधल्या शांबेरीची दोलॅं ड्राय फिकी, स्वच्छ, डोंगरी वनस्पतींच्या वासाची. दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयांची न्वायी प्रा वेगळी: तिची वाइन लाकडी पिंपांत भरून उघड्यावर, ऊन-वाऱ्यात मुरवतात, त्यामुळे रंगाला पिवळसर झाक आणि चवीला सुक्यामेव्याची छटा येते. नवी बाटली उघडून हा रंग दिसला तर ती खराब झाली असं समजून ओतून देऊ नका.

मार्टिनीत व्हर्मूथ नावापुरती घालण्याची सवय मला पटत नाही. ती बहुधा शिळ्या बाटल्यांमुळे लागली असावी. खराब व्हर्मूथ जितकी कमी तितकं बरं, हे खरंच आहे. ताजी असेल तर 60 मिली जिनला 15 मिली घाला आणि फरक बघा. जिनचा धारदारपणा गोल होतो आणि वास दुप्पट खुलतो.

बाटली निवडताना किंवा बिघडलेल्या पेयाचं कारण शोधताना व्हर्मूथ आधी एकटी प्या. फ्रिजमधली थंड, 30 मिली, बर्फाशिवाय. एकटी पिऊन आवडली नाही तर कॉकटेलमध्येही ती चांगली लागण्याची शक्यता कमी. दोन बाटल्यांत निर्णय होत नसेल तर जिन, कंपारी आणि व्हर्मूथ प्रत्येकी 15 मिली घेऊन दोन छोट्या निग्रोनी शेजारी-शेजारी करा. बाकी सगळं सारखं ठेवा, बर्फसुद्धा. निग्रोनी गोड लागली तर जिन 5 मिली वाढवून बघा. तरीही गोडच राहिली तर व्हर्मूथ बदला. कडू लागली तर आधी कंपारी थोडी कमी करा. आणि पाणचट लागली तर व्हर्मूथला बोल लावण्याआधी बर्फ बघा: लहान, आधीच वितळू लागलेले खडे असतील तर कुठलीही बाटली ते पेय वाचवू शकत नाही.