मोठ्या विमानामागून उतरताना भोवऱ्यांपासून कसं वाचायचं?

एसटी भरधाव शेजारून गेली की दुचाकी डगमगते, पण तो झोत दोन क्षणांत ओसरतो. मोठ्या विमानामागची हवा इतक्या लवकर शांत होत नाही. पंखाखालची दाबाची हवा टोकावरून वर वळते आणि दोन्ही टोकांमागे आडवे भोवरे सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, काही मिनिटं तसेच टिकतात आणि हळूहळू खाली बसत जातात. विमान जितकं जड आणि हळू, तितका भोवरा जोरकस. उतरणारी एअरबस ए-३२० साठेक टनांची आणि आपली छोटी शिकाऊ सेसना १७२ जेमतेम ११०० किलोंची, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

पहिलं काम रेडिओवरचं. विमानतळाच्या टॉवरकडून ‘कॉशन, वेक टर्ब्युलन्स’ (म्हणजे पुढच्या विमानामागच्या भोवऱ्यांपासून सावध) ऐकू आलं की पुढचं विमान कोणतं, ते विचारून घ्या. रडारवर अंतर राखलं जात असेल तर ७,००० किलोंपर्यंतच्या हलक्या विमानाला मध्यम विमानामागे ५ सागरी मैल मिळतात, जड विमानामागे ६ आणि महाकाय एअरबस ए-३८० मागे ८. पण ‘विमान दिसलं’ म्हणून नजरेच्या भरवशावर त्याच्यामागे यायचं कबूल केलंत की अंतराची जबाबदारी तुमची. १५ डिसेंबर १९९३ ला कॅलिफोर्नियात सांता अ‍ॅना इथे एक छोटं वेस्टविंड जेट असंच बोइंग ७५७ मागे येत होतं, जवळून आणि त्याच्या मार्गाच्या खालून. भोवऱ्यात सापडून ते कोसळलं, आतले पाचही जण गेले.

म्हणून पुढच्याच्या मार्गाच्या वर राहा, खाली कधीच नको. भोवरे मिनिटाला ३०० ते ५०० फूट खाली सरकतात. उतरण्याचा मार्ग बरोबर आहे का ते दाखवणारे, धावपट्टीशेजारचे पापी (PAPI) दिवे बघा: दोन पांढरे, दोन लाल म्हणजे नेहमीचा मार्ग, मोठ्यामागे येताना तीन पांढरे, एक लाल दिसू द्या.

त्याची चाकं टेकतात तिथे धुराचा छोटा लोट उठतो. ती जागा नजरेत पक्की धरा आणि तिच्या पुढे उतरा, कारण चाकं टेकली की भोवरे थांबतात. उरलेली धावपट्टी पुरणार नसेल तर उतरूच नका. पुढचं विमान उतरणारं नसून उडणारं असेल तर हिशेब उलटा: त्यानं नाक उचललं त्या जागेच्या बऱ्याच अलीकडे टेका.

वाऱ्याकडे मात्र नीट लक्ष द्या, इथेच शिकाऊ वैमानिक फसतात. जोरदार वारा भोवरे उडवून लावतो; मंद वारा जास्त धोक्याचा. जमिनीजवळ आलेले भोवरे दोन्ही बाजूंना २-३ नॉटनी (ताशी २-३ सागरी मैल वेगानं) पसरतात. तितकाच आडवा वारा असेल तर त्यातला एक धावपट्टीवरच रेंगाळतो. तिरका, मागून येणारा मंद वारा तर भोवरे पुढे, नेमके तुमच्या टेकण्याच्या जागी ढकलतो.

एवढं सांभाळूनही पंख अचानक कलला तर दांडी पोटाशी ओढू नका. एलेरॉननं (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपांनी) पंख सरळ करत पूर्ण पॉवर द्या, गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा. कारण शोधत बसायला ती उंची नाही.

शंका आधीच आली असेल तर फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत शेवटच्या सरळ टप्प्यावर) वळण्यापूर्वी टॉवरला सांगा: वेकसाठी आणखी ३ मिनिटं हवीत, डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेचा टप्पा) लांबवतोय.